दुधाच्या सायीतील चिवट विष

सकाळी दाराशी दूध येते, गृहिणी ते तापवते, निवल्यावर त्यावर जाड साय धरते आणि ती साय विरजणाच्या भांड्यात जाते. आठवड्याने त्याचे लोणी निघते, लोण्याचे तूप होते आणि ते तूप मुलांच्या वरणभातावर पडते. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा क्रम इतका निर्मळ आहे, की त्यात विषाचा विचार आणणेही कोणास अमंगळ वाटेल. तथापि आज मी आपणांस याच सायीची एक हकीगत सांगणार आहे. ती ऐकून कोणी दूध मोरीत ओतावे असा माझा मुळीच हेतू नाही. किंबहुना हकीगतीचा शेवट बराचसा गोड आहे, हे मी आरंभीच सांगून ठेवतो. परंतु तो गोड कशामुळे झाला हे नीट ध्यानी घेतले नाही, तर पुढच्या खेपेस तो तसा होईलच असे नाही.

अन्नातून येणारी विषे स्थूलमानाने दोन जातींची असतात. पहिल्या जातीचे विष आले की लगेच बोलते. १९५८ साली केरळात जहाजातून आलेल्या पिठासाखरेत पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक मिसळले गेले आणि ते खाऊन शंभरावर माणसे दगावली. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता अनेक शेतकरी आणि मजूर प्राणास मुकले. अशा वेळी हाहाकार होतो, चौकशी बसते, वर्तमानपत्रांतून लेख येतात. दुसऱ्या जातीचे विष मात्र मुके असते. ते खाल्ल्यावर पोट दुखत नाही, ओकारी होत नाही, चवही बदलत नाही. ते शरीरात शिरते आणि सुस्त पाहुण्याप्रमाणे तेथेच मुक्काम करते. अशा विषांना मी ‘चिवट विषे’ म्हणेन. कारण ती मातीत, पाण्यात आणि देहात वर्षानुवर्षे विरत नाहीत. माझा आजचा विषय ही दुसरी जात होय.

या जातीतील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ म्हणजे डी.डी.टी. त्याचा इतिहास सांगताना त्याच्या गुणांविषयी कृतघ्न होऊन चालणार नाही. झाइडलर नावाच्या रसायनज्ञाने तो १८७४ सालीच तयार केला होता. परंतु तो किडे मारतो हे पाउल म्युलर या स्विस शास्त्रज्ञास १९३९ साली आढळले आणि त्याबद्दल त्यास १९४८ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात हिवतापाने केवढा कहर मांडला होता हे आजच्या पिढीस ठाऊक नाही. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्या सुमारास दरसाल साडेसात कोटी लोक तापाने फणफणत आणि सुमारे आठ लाख माणसे मृत्युमुखी पडत. तत्पूर्वीच, १९४६ च्या सुमारास, मुंबई प्रांताने डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार आणि धारवाडकडील गावांतून घराच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारून पाहिले होते आणि त्याचा गुण आला होता. पुढे तोच उपाय देशभर झाला व १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या कोटींवरून लाखाच्या घरात उतरली. ज्यांची मुले त्यामुळे वाचली, त्यांच्या दृष्टीने ती पांढरी भुकटी म्हणजे अमृतच होते.

आमचे पाबळ हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, कमी पावसाच्या पट्ट्यातले गाव. इतिहासाच्या वाचकांस ते मस्तानीच्या समाधीमुळे परिचित असेल. मी लहान असताना तेथे फवारणीवाले येत. आम्ही पोरे त्यांच्या मागे मागे हिंडत असू. ते घराच्या आणि गोठ्याच्या भिंती पांढऱ्या फटक करीत आणि दाराशेजारी तारीख लिहून पुढच्या घरी जात. ही झाली सरकारी फवारणी. तिच्याखेरीज शेतकऱ्याच्या घरी दुसरी एक भुकटी असे, तिचे नाव बी.एच.सी. खेड्यात तिला नुसती ‘पावडर’ म्हणत. ज्वारीवर कीड पडली की पावडर, बियाण्याला भुंगा लागू नये म्हणून पावडर, अंथरुणात ढेकूण झाले की पावडर आणि म्हशीला गोचीड झाले की तिच्या अंगावरही पावडर. हे शेवटचे काम आमच्या घरी माझ्याकडे होते. मी जुन्या फडक्यात मूठभर पावडर बांधून ती म्हशीच्या पाठीवर, मानेखाली आणि कासेच्या आजूबाजूस थापटत असे. म्हैस अंग चाटी. संध्याकाळी तिचे दूध निघे. त्यातले काही माझी धाकटी भावंडे पीत आणि उरलेले पहाटेच्या गाडीने पुण्यास जाई. आपल्या हातून काही अनुचित घडत आहे अशी शंकाही कोणास आली नाही, कारण ती येण्याजोगे डोळ्यांस काहीच दिसत नव्हते.

आता न दिसणारे ते काय होते, हे पाहू. डी.डी.टी. आणि बी.एच.सी. या दोन्ही पदार्थांची घडण कार्बन आणि क्लोरिन यांच्या मजबूत सांध्यांची आहे. पालापाचोळा, शेण किंवा मेलेला किडा जमिनीत पडला की तेथील सूक्ष्म जंतू त्याचे तुकडे करून त्याची माती करतात. परंतु या कृत्रिम सांध्याशी त्या जंतूंची पिढीजात ओळख नाही. त्यामुळे तो मोडण्यास त्यांना फार वेळ लागतो. मातीत पडलेल्या डी.डी.टी.चे प्रमाण निम्मे होण्यास जमिनीच्या व हवेच्या मानाने दोनपासून पंधरा वर्षेपर्यंत लागतात. शिवाय त्याचे रूपांतर होऊन जो डी.डी.ई. नावाचा पदार्थ बनतो, तो तर मूळ पदार्थाहूनही चिवट असतो.

हा झाला पहिला गुण. दुसरा गुण समजण्यासाठी प्रयोगशाळेची जरुरी नाही. आपले स्वयंपाकघर पुरे. झणझणीत रश्शावर तांबडी तर्री तरंगते, ती आपण पाहतोच. तिखटाचा तांबडा रंग पाण्यात उतरत नाही, तो तेलात उतरतो. म्हणून खालचा रस्सा फिका आणि वरचा तवंग लालभडक दिसतो. डी.डी.टी.ची प्रवृत्ती नेमकी अशीच आहे. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज विरघळते. जे पाण्यात विरघळते ते मूत्रावाटे शरीराबाहेर जाते. जे चरबीत विरघळते त्यास हा दरवाजा बंद असतो. ते मेदात जाऊन बसते. म्हशीने खाल्लेल्या कडब्यातील, चाटलेल्या अंगावरील किंवा गोठ्याच्या भिंतीवरील भुकटीचा अंश तिच्या मेदात साठतो आणि मेद बाहेर पडण्याचा तिच्यापाशी एकच मोठा मार्ग असतो, तो म्हणजे दूध.

आता थोडे अंकगणित करू. म्हशीच्या दुधात शंभर भागांत सुमारे सात भाग स्निग्धांश असतो, तर तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांशच. म्हणजे एक किलो तुपासाठी चौदापंधरा लिटर दूध लागते आणि त्या साऱ्या दुधातील चिवट विष त्या एका किलोत गोळा होते. दूध उकळल्याने ते उडून जात नाही, विरजल्याने मरत नाही आणि लोणी कितीही पाण्यांनी धुतले तरी निघत नाही. रोगजंतूंविरुद्ध आपल्या आजीने शिकवलेले सारे उपाय येथे लंगडे पडतात.

हाच हिशेब निसर्गात पायरीपायरीने कसा चढतो, त्याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. तेथील चिलटांचा उपद्रव घालवण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ या साली पाण्यात डी.डी.टी.चा भाऊबंद असा डी.डी.डी. नावाचा पदार्थ टाकण्यात आला. १९५४ सालचे प्रमाण दहा लाख भाग पाण्यात अवघा एक पन्नासांश भाग इतके अल्प होते. परंतु पाण्यातील सूक्ष्म जीवांत ते दहा लाखांत पाच भाग भरले, ते जीव खाणाऱ्या माशांत चाळीसपासून तीनशे भाग, आणि मासे खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत तर सोळाशे भाग. पक्षी शेकड्यांनी मेले. रेचेल कार्सन या विदुषीने १९६२ साली आपल्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात ही हकीगत जगापुढे मांडली. साखळीत जो वरच्या पायरीवर बसतो, त्याच्या ताटात खालच्या सर्वांचे विष एकवटून येते, हा त्यातील बोध. आणि कडबा, म्हैस, दूध, तूप या साखळीच्या वरच्या पायरीवर कोण बसले आहे? आपण, आणि आपल्याही वरच्या पायरीवर आईच्या अंगावर पिणारे तान्हे मूल.

आपल्याकडे याचा पडताळा केव्हा आला? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९९३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. तीत १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. त्यांपैकी सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डी.डी.टी.चे अवशेष आढळले. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे दोन कोटी भागांत एक भाग, ही मर्यादा धरली होती. ती ओलांडणारे नमुने देशात ३७ टक्के होते. आणि मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण सर्वांत अधिक कोठे होते? आपल्या महाराष्ट्रात, शंभरांत ७४! गुजरात ७० टक्क्यांनी दुसरा होता. हे आकडे मी प्रथम वाचले, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे फडक्यातली पावडर आणि अंग चाटणारी म्हैस उभी राहिली.

यावर कोणी विचारील, “दोन कोटींत एक भाग! एवढ्याने काय होणार?” प्रश्न योग्य आहे. एका दिवसाच्या दुधाने काहीच होत नाही. परंतु माणसाच्या शरीरातील डी.डी.टी.चा साठा निम्मा होण्यास सुमारे सहा ते दहा वर्षे लागतात. रांजणाला सुईच्या अग्राएवढे भोक असावे आणि वरून मात्र रोज तांब्याभर पाणी पडत असावे, तसा हा प्रकार आहे. तांब्या लहान असला तरी रांजण भरतोच. म्हणून येथे प्रश्न एका पेल्याचा नसून आयुष्यभराच्या पेल्यांचा आहे.

भरलेल्या रांजणाचे परिणाम ओळखणे अत्यंत कठीण असते. कारण कारण आणि कार्य यांच्यामध्ये तीस-चाळीस वर्षांचे अंतर पडते. तरीही काही चिकाटीच्या संशोधकांनी हे अंतर ओलांडले आहे. कॅलिफोर्नियात १९५९ ते १९६७ या काळात बाळंतिणींच्या रक्ताचे नमुने घेऊन जपून ठेवले होते. पुढे त्या स्त्रियांच्या प्रकृतीशी ते ताडून पाहिले, तेव्हा २००७ साली असे प्रसिद्ध झाले, की ज्यांचा डी.डी.टी.शी संबंध वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी आला होता आणि ज्यांच्या रक्तात त्याचे प्रमाण अधिक होते, त्यांना पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट होता. मोठेपणी संबंध आलेल्यांत असे दिसले नाही. म्हणजे विष किती गेले याइतकेच ते कोणत्या वयात गेले हेही महत्त्वाचे ठरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली डी.डी.टी. हे बहुधा कर्करोगकारक, आणि बी.एच.सी.मधील लिंडेन हा घटक निश्चित कर्करोगकारक असल्याचे ठरवले. हे पदार्थ शरीरातील ग्रंथिरसांच्या कार्यात ढवळाढवळ करतात, असेही दिसून आले आहे. याचा अर्थ ज्याने ते दूध प्यायले त्यास रोग झालाच पाहिजे, असा नव्हे. धोका वाढणे आणि रोग होणे यांत अंतर आहे, आणि एखाद्या व्यक्तीच्या आजाराचे बोट एका घोटाकडे दाखवता येत नाही.

येथे माझ्या भगिनींस एक गोष्ट आग्रहपूर्वक सांगितली पाहिजे. हे पदार्थ आईच्या दुधातही उतरतात, हे खरे. परंतु त्या भयाने कोणी बाळास अंगावरचे दूध तोडू नये. आईच्या दुधापासून बाळास होणारा लाभ या सूक्ष्म अंशाच्या हानीहून कितीतरी मोठा आहे, असेच जागतिक आरोग्य संघटनेचे मत आहे. उपाय आईचे दूध तोडणे हा नसून विषाचा उगम तोडणे हा आहे.

आणि आता मी आरंभी म्हटलेल्या गोड शेवटाकडे वळतो. १९८९ साली आपल्या सरकारने शेतीसाठी डी.डी.टी.चा वापर बंद केला. रोगनिवारणासाठी तेवढी मुभा ठेवली. बी.एच.सी.वर १९९७ साली बंदी आली. २००१ साली स्टॉकहोम येथे अशा चिवट विषांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला आणि भारताने त्यास २००६ साली मान्यता दिली. केरळातील कासरगोडच्या काजूबागांवर वर्षानुवर्षे फवारल्या गेलेल्या एंडोसल्फानविषयी मोठे आंदोलन झाले व २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. या साऱ्याचे फळ काय मिळाले? भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ साली अकराशेहून अधिक शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांत कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर आढळला तो केवळ एका नमुन्यात. दोन्ही पाहण्यांची रीत एकच नव्हती, म्हणून आकडे तराजूत घालून तोलणे रास्त होणार नाही. शिवाय त्याच पाहणीत सुमारे पावणेसहा टक्के नमुन्यांत बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून येणारे एक निराळेच विष मर्यादेबाहेर होते; तेव्हा दूध सर्वस्वी निर्धोक झाले असेही नव्हे. तथापि डी.डी.टी.पुरती दिशा स्पष्ट आहे. स्वीडनमध्येही बंदीनंतर मातांच्या दुधातील डी.डी.टी. दशकांमागून दशके उतरत गेले. चिवट विष जाते. मात्र ते आपल्या सवडीने जाते.

या हकीगतीतून मला एकच गोष्ट आपल्या पदरात घालावयाची आहे. हे विष ओट्यावर धुऊन गेले नाही, उगमाशी अडवल्यामुळे गेले. सुशिक्षित घरांतून हल्ली फळे धुण्याच्या नाना युक्त्या सांगितल्या जातात. फळे आणि भाज्या वाहत्या पाण्याखाली जरूर धुवाव्यात. वरची धूळ, जंतू आणि काही अंशी फवारणीही निघते. रोज एकच एक पदार्थ न खाता अन्नात पालट ठेवावा. साठवणीच्या धान्यास नाव नसलेली पावडर कदापि लावू नये. कडक ऊन, कडुनिंबाचा पाला आणि घट्ट झाकणाचा डबा यांनी बरेच काम भागते. खेडेगावच्या घरी माळ्यावर जुन्या पावडरीचा डबा असेल, तर तो ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कृषी खात्याच्या माणसास विचारून त्याची व्यवस्था लावावी. परंतु जे चरबीत मुरले ते गृहिणीच्या हातचे राहिले नाही. ते काम कायद्याचे, प्रयोगशाळेचे आणि जागरूक ग्राहकाचे आहे.

जागरूक ग्राहक काय करू शकतो, याचे उदाहरण पुण्याच्या उंबरठ्यावरच आहे. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अवशेष मर्यादेहून अधिक आढळले आणि माल नाकारला गेला. ते विष या चिवट जातीचे नव्हते, पण धडा तोच. त्यानंतर मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली; निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, तिचा नमुना, त्याची तपासणी, अशी शिस्त लागली. शेतकरी तोच, जमीन तीच, पाऊस तोच. बदलले काय? घेणाऱ्याने तपासणीचा कागद मागितला! घरच्या मंडईत येणाऱ्या प्रत्येक पाटीची तशी तपासणी होत नाही, आणि आपण ती मागतही नाही. परदेशच्या मुलांसाठी जी खबरदारी आपण घेऊ शकतो, ती आपल्या मुलांसाठी घेणे अशक्य का असावे?

हे सांगण्याची निकड एवढ्यासाठी, की जुने पाहुणे निघाले तरी नवे दाराशी आहेत. कार्बन आणि फ्लोरिन यांच्या सांध्याची एक मोठी प्रजा गेल्या काही दशकांत घराघरांत आली आहे. न चिकटणारे तवे, पाणी न धरणारी कापडे, तेल न शोषणारे कागद, आग विझवण्याचा फेस यांत तिचा उपयोग होत आला. तो सांधा क्लोरिनच्या सांध्याहूनही बळकट आहे. या प्रजेतील काही पदार्थांचा समावेश २००९ व २०१९ साली स्टॉकहोम कराराच्या यादीत झाला, आणि त्यांतील एक, पी.एफ.ओ.ए., २०२३ साली निश्चित कर्करोगकारक ठरला. डी.डी.टी.चा गुण १९३९ साली कळला आणि आपल्या शेतीतून ते १९८९ साली गेले. मध्ये पन्नास वर्षे लोटली. या नव्या पाहुण्यांच्या बाबतीतही आपण पन्नास वर्षे थांबणार काय?

मी शाळामास्तर. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी वर्गातल्या फळ्यावर ‘डी.डी.टी. : शेतकऱ्याचा मित्र’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते आणि मुलांकडून ते वहीत उतरवून घेतले होते. ती मुले आता आजोबा होण्याच्या वयाची झाली आहेत. तो धडा त्या काळच्या समजुतीप्रमाणे होता, एवढीच माझी सबब. पण चुकीचा धडा शिकवणाऱ्याने तो आपल्याच हाताने पुसून दुरुस्त करावा, अशी आमच्या पेशाची रीत आहे. ती दुरुस्ती आज मी आपणां सर्वांसमक्ष केली. कोणताही नवा पदार्थ शेतात, घरात किंवा ताटात येऊ देण्यापूर्वी ‘हा काय करतो?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘काम झाल्यावर हा जातो केव्हा आणि कोठे?’ हेही विचारावे. पहिला प्रश्न मी माझ्या विद्यार्थ्यांस शिकवला होता. दुसरा राहून गेला होता.